लोखंड उशिरा जागं होतं

प्रिय ठोंब्या,

आधी हे वाच, मग बाकीचं. मी धडधाकट आहे. एक भुवई अर्धी जळलीय आणि डावा कान अजून गुणगुणतो, त्यापलीकडे मला काही झालेलं नाही. तू विचारलं नाहीस, तरी सांगते. अपघाताला आठवडा उलटून गेला. तेव्हापासून मी तुला किती वेळा फोन केला असेल ते तुझ्या फोनलाच माहीत. एकदाही उचलला नाहीस. त्याऐवजी एक ओळ पाठवलीस, ‘ऐकलं, वाईट वाटलं, सध्या फार गडबडीत आहे.’ अरे, शेजारच्यांच्या मांजराचा पाय मोडला तरी माणूस याहून जास्त विचारतो! मी तुला ठोंब्या म्हणते म्हणून तू खरंच तसं वागावंस असं नाही रे. सगळं जग तुला ‘सर’ म्हणतं, निदान एका माणसाने तरी ठोंब्या म्हणावं, एवढाच त्यामागचा हेतू. असो. एका परीने फोन उचलला नाहीस तेही बरंच झालं. तू बोलायला लागलास की माझंच कसं चुकतंय हे मला पटायला लागतं, लहानपणापासूनचं आहे हे. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून लिहितेय.

तुला पहिलं मोठं बक्षीस मिळालं तो दिवस आठवतो? आईने मला स्वयंपाकघरात गाठलं आणि म्हणाली, हा नेमकं करतो तरी काय, मला कुणी विचारलं तर काय सांगू? मी तिला सांगितलं, कार्बनचे दोन तुकडे असतात, दोघांनाही जोडायचं असतं, पण ते आपण होऊन जवळ येत नाहीत. एकाच खोलीत दोन कोपऱ्यांत तोंडं फिरवून बसलेल्या पाहुण्यांसारखे. मग त्यात चिमूटभर धातू टाकायचा. तो एकाचा हात धरतो, दुसऱ्याचा धरतो, दोघांची गाठ घालून देतो आणि स्वतः अलगद सुटून पुढच्या जोडीकडे जातो. आई ताबडतोब म्हणाली, म्हणजे लग्नं जमवणारी मावशीच की! तेव्हापासून आपल्या घरात त्या धातूला, पॅलेडियमला, मावशी म्हणतात. मावशी कामाला चोख, पण भारी महाग, आणि लग्न झाल्यावरही तिचा एखादा कण औषधात मागे राहतो, तो शोधून काढता काढता आमच्यासारख्यांची कंबर मोडते. तू म्हणालास, हेच काम लोखंड करेल. साधं, स्वस्त, गंजक्या खिळ्यात असतं ते लोखंड. मोठमोठी माणसं उठून उभी राहिली. आई महिनाभर रस्त्यात भेटेल त्याला सांगत होती, माझ्या मुलाने मावशीची सुट्टी केली. आणि मीही काही कमी मिरवलं नाही. आमच्या औषधांच्या कारखान्यात साहेबांच्या खोलीत तुझा शोधनिबंध मीच घेऊन गेले होते, आणि तुझी पद्धत आपण घेऊ या हे टेबलावर हात आपटून सांगणारीही मीच होते.

आता आपण त्या दिवसाकडे येऊ, ज्या दिवशी तू आमच्या प्रयोगशाळेत आलास. त्याआधी माझे तीन प्रयत्न फसले होते. नवी कोरी काच, उत्तम लोखंड, सगळं तुझ्या निबंधात लिहिलंय तसं, आणि फ्लास्कमध्ये काही म्हणजे काही घडत नव्हतं. दोन्ही पाहुणे आपापल्या कोपऱ्यात. मी तुला फोन केला. तू बराच वेळ गप्प राहिलास. मला वाटलं फोन कट झाला. मग तू एवढंच म्हणालास, मी येतो. आणि खरंच दुसऱ्या दिवशी हजर! आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तुला सवड झाली नव्हती, बाबांच्या शेवटच्या आजारपणात तू दोनदा तिकीट रद्द केलं होतंस, आणि माझा एक फ्लास्क फसला म्हणून तू रात्रभर बसमध्ये बसून आलास. मी वेडी इतकी खूश झाले की बस. मला वाटलं, आहे, अजून भावाचं मन आहे.

तू आत आलास, हातमोजे घातलेस, माझ्या फसलेल्या फ्लास्ककडे पाहिलंसुद्धा नाहीस आणि शर्टाच्या खिशातून आपला मॅग्नेट काढलास. करंगळीच्या पेरापेक्षा लहान, पांढऱ्या प्लास्टिकच्या कवचातला, वापरून वापरून करडा पडलेला. खालची तबकडी फिरली की आत फिरणारा आणि फ्लास्कमधलं ढवळणारा, बाकी काही नाही. आमच्याकडेही प्रत्येकाचा एकेक आवडता मॅग्नेट असतो, त्यामुळे कुणाला काही वावगं वाटलं नाही. तू तो टाकलास, त्यावर माझ्याच बाटलीतलं लोखंड, माझंच बाकी सगळं, आणि बघता बघता पिवळं द्रावण काळसर तपकिरी झालं, फ्लास्क हाताला ऊन लागला आणि तपासणीच्या मशीनवर पाहिलं तर झाडून सगळे पाहुणे जोडीने बसलेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामासुद्धा आले होते. मामा म्हणजे आमच्या शेजारच्या हॉलमधल्या मोठ्या भांड्यावर काम करणारे ऑपरेटर. ते कुणाचे मामा ते कुणालाच माहीत नाही, अख्खा कारखाना मामा म्हणतो. तू त्यांना जवळ बोलावलंस, काडेपेटीतल्या दोन काड्या घेऊन कार्बन कसे जुळतात ते दाखवलंस. ते इतके हरखले, पुढे दोन दिवस ते प्रत्येकाला काड्या दाखवत होते. आमचे साहेब कधी त्यांना खुर्चीवर बस म्हणाले नाहीत, आणि तू त्यांना विज्ञान शिकवलंस. तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू.

निघताना तू मॅग्नेट माझ्या हातावर ठेवलास. म्हणालास, लकी आहे, तुझ्याकडेच राहू दे, चाचण्या यानेच कर. आम्लात धुऊ नको, कवच खराब होतं, नुसता पुसून ठेव. आणि फाटकाशी रिक्षात बसता बसता म्हणालास, मोठ्या भांड्यात सुरुवातीला काही होत नाही असं वाटेल, घाबरून थांबू नकोस ताई, लोखंड उशिरा जागं होतं. ही वाक्यं मी माझ्या मनाने रचलेली नाहीत. तुझं शेवटचं वाक्य तर मी कामाच्या सूचनांमध्येच लिहून टाकलं होतं.

मग मी तुझ्या मॅग्नेटवर चाचण्या केल्या. एकूण एक जमल्या. साहेब खूश, मी खूश. आणि मोठं भांडं भरलं.

मोठ्या भांड्यात मॅग्नेट नसतो रे. तिथे छतापासून खाली येणारा दांडा असतो आणि त्याला पातं. भांडं माणसापेक्षा उंच, आतून काचेचा थर, बाहेरून थंड पाणी खेळवलेलं. वरच्या टाकीतून मॅग्नेशियमचं द्रावण थेंबाथेंबाने आत सोडायचं. त्याला आम्ही नुसतं ‘तिखट’ म्हणतो, कारण ते हवेशी भांडतं, पाण्याशी भांडतं, सगळ्यांशीच भांडतं. तिखट आत पडलं की लगेच वापरलं गेलं पाहिजे, आणि ते वापरलं जातंय याची खूण म्हणजे तापमानाचा काटा जरासा वर सरकतो. त्या दुपारी काटा जागचा हलला नाही. मामांनी त्यांच्या कामाप्रमाणे ओरडून सांगितलं, बाई, काटा गप्प आहे. मी म्हटलं, चालू ठेवा, लोखंड उशिरा जागं होतं. थोड्या वेळाने ते पुन्हा ओरडले. तरी मी म्हटलं, चालू ठेवा. तुझा शब्द होता ना! टाकी निम्मी रिकामी झाली तेव्हा मात्र मला राहवेना. मी जिन्याच्या दोन पायऱ्या चढले, थांबवा म्हणायला तोंड उघडलं, आणि काटा उठला.

तू तुझ्या आयुष्यात तसा काटा पाहिला नसशील. तुमचे फ्लास्क मुठीएवढे, तापलेच तर बर्फात बुडवता. दुधाकडे जरा पाठ फिरवावी आणि ते उतू जावं तसं, पण इथे दूध नव्हतं आणि शेगडी बंद करायची सोय नव्हती. इतका वेळ न वापरलेलं साठलेलं सगळं तिखट एकदम पेटून कामाला लागलं होतं. कशाने लागलं कोण जाणे, आम्ही अजून शोधतोय. मी थंड पाणी पूर्ण सोडलं, भोंगा वाजवला, सगळ्यांना बाहेर पळा म्हणून ओरडले. मामा उलट दिशेला पळाले. वरचा व्हॉल्व्ह हाताने बंद करायचा होता, तिखट अजून पडतच होतं. त्यांनी तो बंद केला. तेवढ्यात छतावरची फुटायची चकती फुटली, तोफ सुटावी तसा आवाज झाला आणि भांड्यातली वाफ आकाशात गेली. ठरल्याप्रमाणेच गेली, चकती त्यासाठीच असते. पण व्हॉल्व्हजवळचा एक सांधा सैल झाला आणि थोडी वाफ तिथून आली. थोडीच. मामांचं तोंड बरोबर तिच्यासमोर होतं. मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना नळाखाली नेलं आणि पाणी सोडलं. ते ओरडत नव्हते. बाई, व्हॉल्व्ह बंद झालाय ना, एवढंच सारखं विचारत होते.

त्यांचा उजवा हात भाजलाय, तो बरा होईल. दोन्ही डोळ्यांवर पट्टी आहे. एका डोळ्याची डॉक्टर खात्री देतात. दुसऱ्याचं विचारलं की म्हणतात, बघू.

मी घरी बसूच शकत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेत जाऊन बसले. नेमकं घोडं कुठे पेंड खातंय ते कळल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नव्हतं. नवा फ्लास्क, नवा मॅग्नेट, काही नाही. तोच फ्लास्क, तुझा मॅग्नेट, सगळं झकास. पुन्हा नवा मॅग्नेट, मेलेलं. मग माझ्या मनात एक गोष्ट आली आणि ती करून बघू नये असं मला फार वाटलं. मी तुझा मॅग्नेट टाकला आणि लोखंड टाकलंच नाही. अजिबात नाही. फ्लास्क ऊन झाला. द्रावण तपकिरी झालं. सगळे पाहुणे जोडीने बसले. ठोंब्या, लोखंडाशिवाय! मी तिथेच फरशीवर बसले. मग तपासणी विभागातल्या बाईंकडे मॅग्नेटचं धुवण दिलं. त्यांनी संध्याकाळी मला जिन्यात गाठलं आणि हळूच सांगितलं की यात पॅलेडियम आहे. मावशीच बसली होती त्या मॅग्नेटवर. लोखंड सुरू करण्याआधी तुझ्या प्रयोगशाळेत कित्येक वर्षं पॅलेडियमचंच काम चालायचं, हेच मॅग्नेट त्यातही फिरायचे, आणि प्लास्टिकवरच्या ओरखड्यांत मावशीचे न दिसणारे कण जाऊन बसले. काम तीच करत होती. हार लोखंडाच्या गळ्यात पडत होते. आणि मोठ्या भांड्यात तुझा मॅग्नेट नव्हता, म्हणजे मावशीच नव्हती.

खरं सांगू? तेव्हा मला हायसं वाटलं होतं. कारण ही चूक कुणाचीही होऊ शकते. आपल्या धंद्यात याआधी झालेली आहे, पुढेही होईल, यात पाप काही नाही. मी ठरवलं, ठोंब्याला फोन करायचा, आधी मनसोक्त शिव्या घालायच्या, मग दोघांनी मिळून ते लिहून जाहीर करायचं. चार दिवस लोक हसतील, पाचव्या दिवशी विसरतील. मी तुला फोन लावत राहिले. तू उचलत नव्हतास. आणि मग माझं डोकं दुसरीकडे चालायला लागलं.

तू माझ्या फसलेल्या फ्लास्ककडे पाहिलं का नाहीस? तू तर असला चिकित्सक की कुणाच्या चहाच्या पेल्यात गाळ राहिला तरी तो कशाचा ते बघतोस. तुझा हात थेट खिशात गेला. आम्लात धुऊ नको का म्हणालास? त्या कवचाला आम्लाने काही होत नाही हे कॉलेजातलं पोरही जाणतं, आणि मॅग्नेटवरचा धातू जातो तो आम्लानेच. फोनवर मी ‘नव्या काचेत होत नाही’ म्हटल्यावर तू का गप्प झालास? आणि आईच्या डोळ्यांसाठी न आलेला माणूस माझ्या फ्लास्कसाठी रातोरात का आला? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच का रे? मी दिवसभर तुझी वकिली करते. म्हणते, त्याला माहीत नसेल, नुसता संशय असेल. शाळेत निकाल लागला की तू फळ्यापाशी जायचा नाहीस, कोपऱ्यावर उभा राहायचास आणि मला पाठवायचास. ताई, तू बघून ये. पास असलास तरी मी परत येईपर्यंत तुझे ओठ पांढरे पडलेले असायचे. मला वाटतं या वेळीही तू फळ्यापाशी गेलाच नाहीस. लोखंडाशिवाय एकदा करून बघावं, एवढी एकच चाचणी होती, अर्ध्या दिवसाची, आणि ती तू केली नाहीस, कारण तिथे काय लिहिलं असेल याची तुला भीती वाटत होती. इतपत असेल तर मी समजू शकते. रागावते, पण समजू शकते.

परवा दवाखान्यात गेले. मामांची बायको खाटेशी बसून संत्रं सोलत होती आणि एकेक फोड त्यांच्या तोंडात घालत होती. कारखान्याचा सुरक्षा अधिकारी नुकताच येऊन गेला होता. त्याने फार गोड बोलून सांगितलं होतं की चौकशीत मामांनी म्हणावं, माझ्याकडून घाई झाली, तोटी जास्त उघडली गेली. उपचार कारखाना करेल, नोकरी जाणार नाही. वड्याचं तेल वांग्यावर काढायचं आणि वांग्याने हसत हसत हो म्हणायचं. आणि मामा हो म्हणणार होते! मला म्हणाले, बाई, तुम्ही काळजी करू नका, मी सांगतो माझंच चुकलं. माझं आता काय राहिलंय, दोन वर्षांत घरी बसायचं. तुमच्या भावाचं नाव मोठं आहे, किती प्रेमाने समजावलं त्यांनी मला, त्यांच्या कामाला बट्टा लागायला नको. मी बाहेर आले आणि पाण्याच्या मशीनला टेकून ढसाढसा रडले. एक नर्स येऊन विचारून गेली की तुमचं कोण आहे आत.

काल चौकशी झाली. मी सगळं सांगितलं. काटा गप्प असताना चालू ठेवा म्हणणारी मी, हे सांगितलं. मामांनी दोनदा विचारलं होतं आणि ते नसते तर हॉल उरला नसता, हेही सांगितलं. मॅग्नेटचंही सांगितलं, तपासणी विभागातल्या बाईंना साक्षीला उभं केलं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मला तूर्तास घरी बसवलंय. बसते. मामांच्या नावावरचा डाग पुसला गेला, मला तेवढं पुरे आहे. माझी चिंता करू नकोस, करत नसशीलच म्हणा.

पण गोष्ट इथे संपली असती तर मी हे पत्र इतक्या घाईने लिहिलं नसतं. येत्या सोमवारी तुझी ही पद्धत आणखी एका, नव्या कारखान्यात सुरू होणार आहे. त्यांचं भांडं आमच्याहून कितीतरी मोठं. तिथेही मॅग्नेट नाही, नवी कोरी काच, आणि सूचनांमध्ये तुझंच वाक्य असणार. मी त्यांच्या मुख्य रसायनतज्ज्ञाला फोन केला. सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, मॅडम, सरांनी आम्हाला आधीच कळवलंय, तुमच्याकडे एका ऑपरेटरने घाई केली म्हणून तसं झालं. सर म्हणजे तू. ठोंब्या, तू! मामांनी स्वतः अजून तोंड उघडलं नव्हतं, चौकशीही झाली नव्हती, आणि तू इथे पाऊलही न टाकता त्या माणसाच्या डोक्यावर खापर फोडून मोकळा झालास. उंटावरून शेळ्या हाकणं कशाला म्हणतात ते मला त्या क्षणी कळलं. ज्याला तू काड्या दाखवल्यास त्याच्याच डोक्यावर. माझा संताप इतका झाला की मी फोन भिंतीवर मारला, आता स्क्रीनला तडा आहे. तो तज्ज्ञ मला मत्सरी बहीण समजतो. मी सरकारी तपासनिसाच्या कचेरीत अर्ज दिला, त्यांनी घेतला, बघतो म्हणाले, सोमवारनंतर या म्हणाले. साहेबांना म्हटलं तुम्ही सांगा, तर ते म्हणाले दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसायचं. सगळे मूग गिळून बसलेत. ते भांडं थांबेल ते फक्त तुझ्या एका फोनने. तुला नीट शब्द सुचत नसतील तर मी देते, लोखंडाशिवाय पुन्हा तपासायचंय, तोवर थांबा. इतकंच. कारण सांगायला पुढे आयुष्य आहे.

हे आईला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण तिने माझी भुवई पाहिली, मी घरी का बसलेय ते विचारलं आणि मग मला काही लपवता आलं नाही. काल संध्याकाळी तिला सगळं सांगितलं, मावशीसकट. शेवटी तिने एवढंच विचारलं, हे त्याला माहीत आहे का? मी म्हटलं, मला कळत नाही गं आई. ती उठली आणि बॅग भरायला लागली. सोमवारच्या समारंभात पहिलं बटण आईच्या हाताने दाबायचं म्हणून तू तिला बोलावलं आहेस, फोटोवाले येणार आहेत, तिची खुर्ची भांड्याच्या अगदी शेजारी आहे, हे तिने तुझ्याकडूनच ऐकलेलं. मी तिची बॅग रिकामी केली, तिने पुन्हा भरली. मी तिच्या पाया पडले, ओरडले, दाराला कुलूप लावलं. ती म्हणाली, पोराने मानाने बोलावलंय, मी जाणार. त्याला मी काही विचारणार नाही, रागवणार नाही, तुझं पत्र तेवढं त्याच्या हातात देईन. आणि सोमवारी भांड्यापाशी उभी राहून त्याला एकदाच विचारीन, दाबू का? तो दाब म्हणाला तर मी दाबीन, मी त्याची आई आहे, माझा त्याच्यावर विश्वास आहे. मी तिला अडवू शकले नाही, म्हणून रात्रीतून हे पत्र लिहितेय. उजाडलं की हे तिच्या हातात देऊन तिला गाडीत बसवून देईन. तू हे वाचतोयस म्हणजे ती पोचली, आणि आत्ता तुझ्यासमोर बसलेली असेल. वर बघ.

तुझीच,
ताई